नांदेडला की लातूरला? आधी पट्टी पाहू

अहमदपूर हे नांदेड आणि लातूर यांच्या मधलं तालुक्याचं गाव. तुळजापूर-नागपूर महामार्गावर लोह्याकडे निघालं की नांदेड, चाकूरकडे निघालं की लातूर. अंतर दोन्हीकडे सत्तर किलोमीटरच्या आसपास. मी इथे फिजिशियन आहे. छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन नातेवाईक येतात, तेव्हा त्याला जीपमधून उतरवण्याआधीच कुणीतरी विचारतं, "म्याडम, नांदेडला न्यावं का लातूरला?" मी सांगते, आधी पट्टी काढू.

पट्टी म्हणजे ईसीजी. तिच्यावरून अटॅक आहे की नाही एवढंच कळतं, असा बहुतेकांचा समज असतो. ती त्याहून पुष्कळ सांगते. हृदयाच्या मुख्य नसांपैकी कोणती बंद झाली, सुरुवातीलाच बंद झाली की खाली गेल्यावर, याचा अंदाज तिच्यावरच्या रेषांतून बांधता येतो. पुष्कळ डॉक्टर हा भाग परीक्षेपुरता पाठ करतात आणि मग सोडून देतात. अँजिओग्राफीत नस पडद्यावर दिसतेच, मग पट्टीवर डोळे कशाला शिणवायचे, असं त्यांना वाटतं. मला हे पटत नाही. कॅथलॅबमधल्या डॉक्टरला नस दिसते. अहमदपूर, किनवट, मुखेड, जळकोट अशा ठिकाणी ज्याच्यासमोर रुग्ण पहिल्यांदा येतो, त्याच्या हातात फक्त पट्टी असते. नस ओळखायची खरी गरज त्यालाच आहे, कारण कोणतं औषध द्यायचं आणि कोणतं टाळायचं हे त्याला तेवढ्यावरूनच ठरवायचं असतं.

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते महाधमनीच्या मुळाशी निघणाऱ्या दोन नसांतून. उजवी नस हृदयाच्या उजव्या कडेने वळून खालच्या पृष्ठभागावर येते. डावी नस थोडं अंतर जाऊन दुभागते. एक फाटा समोरून खाली उतरतो, त्याला डॉक्टर एलएडी म्हणतात. हृदयाची पुढची भिंत आणि डाव्या-उजव्या कप्प्यांमधल्या पडद्याचा बराचसा भाग याच फाट्यावर जगतात. दुसरा फाटा, सर्कमफ्लेक्स, डाव्या बाजूने वळसा घालून पाठीमागे जातो.

ईसीजी काढताना हातापायांना चार आणि छातीवर सहा असे दहा इलेक्ट्रोड लावतात आणि त्यांतून बारा लीड मिळतात. प्रत्येक लीड हृदयाची वीज वेगळ्या दिशेने टिपते. लीड दोन, तीन आणि एव्हीएफ खालून पाहतात. लीड एक आणि एव्हीएल डाव्या खांद्याच्या बाजूने. व्ही-१ ते व्ही-४ समोरून, व्ही-५ आणि व्ही-६ डाव्या कुशीतून. नस पूर्ण बंद झाली की तिच्यावर अवलंबून असलेल्या पेशींना प्राणवायू मिळत नाही, क्षारांची ने-आण करणारी त्यांची यंत्रणा ढासळते, पोटॅशियम बाहेर झिरपतं. प्रत्येक ठोक्यातल्या उंच टोकानंतर आणि त्यामागून येणाऱ्या लाटेच्या आधी जी रेषा सपाट असायला हवी, तिथे निरोगी आणि जखमी स्नायूंत विजेचा फरक उरतो. जखमी भागासमोरच्या लीडमध्ये ती रेषा, म्हणजे एसटी भाग, वर उचलला जातो. त्याच्या विरुद्ध बाजूच्या लीडमध्ये तोच खाली दबतो. रेषा कुठे उचलली आणि कुठे दबली, या दोन्हींची जोडी लावायची. नस ओळखण्याचं सगळं गणित या जोडीत आहे.

हे गणित जुळायला बराच काळ गेला. नेदरलँड्समधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तारेच्या गॅल्व्हनोमीटरवर हृदयाचा आलेख काढला. ते यंत्र पावणेतीनशे किलोंच्या घरातलं होतं, चालवायला पाच माणसं लागत, आणि रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवावे लागत. १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयातल्या रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून आपल्या प्रयोगशाळेत उमटवला. आज मी पट्टीचा फोटो व्हॉट्सॲपवर नांदेडच्या हृदयरोगतज्ज्ञांना पाठवते, त्याची सुरुवात तिथे झाली. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पारडी यांनी नस बंद झाल्यावर उचलली जाणारी रेषा नोंदवली. छातीवरचे लीड तीसच्या दशकात मिशिगनच्या फ्रँक विल्सन यांनी आणले, आणि १९४२ मध्ये इमॅन्युएल गोल्डबर्गर यांच्या तीन लीडनी बाराचा संच पुरा झाला. तरीही अटॅकच्या पहिल्या तासांत नस खरोखर बंद असते का, यावर डॉक्टरांत वाद होता. अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या मार्कस डिवूड यांनी १९८० मध्ये तो मिटवला. दुखणं सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत ज्यांची अँजिओग्राफी केली, त्यांतल्या ८७ टक्के रुग्णांत नस पूर्ण बंद सापडली. त्यानंतर पट्टीवरची रेषा आणि पडद्यावरची नस शेजारी ठेवून पाहता येऊ लागली.

पेरणीच्या दिवसांत शेतावरून आलेला पन्नाशी ओलांडलेला एक शेतकरी घ्या. "म्याडम, सकाळधरनं पोटात आग पडायलीय, मळमळ करायलंय," असं तो सांगतो. अंगावरचा सदरा घामाने भिजलेला. भाऊ म्हणतो, पित्त झालंय, रात्री उपाशी झोपला होता. पट्टीवर लीड दोन, तीन आणि एव्हीएफ उचललेले, एव्हीएल दबलेला. म्हणजे हृदयाची खालची भिंत. ऐंशी टक्क्यांहून जास्त लोकांत या भिंतीला उजवी नस रक्त देते, उरलेल्यांत बहुधा सर्कमफ्लेक्स. दोघींत फरक कसा करायचा? उजवी नस बंद असेल तर लीड तीनमधली उंची लीड दोनपेक्षा जास्त भरते आणि लीड एक व एव्हीएल दबतात. सर्कमफ्लेक्स असेल तर बहुधा दोनची उंची तीनइतकी किंवा जास्त असते, आणि एव्हीएल दबलेला नसतो. या शेतकऱ्याच्या पट्टीवर तीन उंच होता. नाडी ४६, रक्तदाब ९० च्या खाली.

इथे थांबून एक गोष्ट करायची असते, आणि ती करायला जेमतेम एक मिनिट लागतं. छातीवर डाव्या बाजूला लावलेला व्ही-४ चा इलेक्ट्रोड काढून उजव्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर लावायचा आणि पुन्हा पट्टी काढायची. यंत्राला हे कळत नाही, ते व्ही-४ असंच छापतं. म्हणून पेनाने तिथे 'उजवा' लिहून ठेवायचं. ती रेषा उचललेली दिसली तर उजवी नस अगदी सुरुवातीला बंद आहे आणि हृदयाचा उजवा कप्पाही अटॅकमध्ये सापडला आहे. खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये किमान तिघांपैकी एकात असं होतं.

त्याच वेळी भाऊ खिशातून गोळी काढतो. जिभेखालची, सॉर्बिट्रेट. आमच्या भागात घरात एकाला हृदयाचा त्रास झाला की ही गोळी सगळ्यांच्या खिशात जाते, आणि छातीत कळ आली की शेजाऱ्यालाही दिली जाते. उजवा कप्पा दुखावलेल्या माणसात ती घात करू शकते. तो कप्पा दुबळा झाला की शरीराकडून परत येणाऱ्या रक्ताच्या भरावर तो कसाबसा चालतो. गोळीने शिरा सैल पडतात, रक्त परत यायचं कमी होतं आणि आधीच खाली असलेला रक्तदाब कोसळतो. अशा रुग्णाला गोळी द्यायची नाही, उलट सलाईन लावायचं. नाडी मंद होण्याचं कारणही याच नसेत आहे. वरच्या कप्प्यांतली वीज खाली पोहोचवणाऱ्या गाठीला दहांतल्या नऊ जणांत उजव्या नसेतूनच रक्त मिळतं. म्हणून ॲट्रोपिन भरून हाताशी ठेवायचं. कोणती नस, हे कळल्यावर पुढचा अर्धा तास काय होऊ शकतं ते आधीच कळतं. ज्या घरात ही गोळी ठेवलेली आहे त्यांना माझं सांगणं आहे, ज्याच्यासाठी लिहून दिली त्याखेरीज कुणाला देऊ नका. त्यालाही चक्कर, घाम आणि मंद नाडी असेल तर आधी पट्टी, मग गोळी.

आता उलटं चित्र. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर चालवणारा चाळिशीतला तरुण, तंबाखूची सवय. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय, डावा हात भरून आलाय. व्ही-१ ते व्ही-४ उचललेले आणि त्यांच्यासोबत एव्हीएलही, खालचे लीड दबलेले. म्हणजे एलएडी, आणि तीही वरच्या टोकाला, पहिले फाटे फुटण्याआधी बंद. कालव्यावर शेती असलेल्यांना याचा अर्थ लगेच समजतो. शेवटच्या चारीत गाळ बसला तर दोन शेतं सुकतात, मुखाशीच बसला तर सगळा शिवार. एलएडी डाव्या कप्प्याच्या जवळजवळ अर्ध्या स्नायूला रक्त पुरवते. खाली बंद असेल तर एव्हीएल शांत राहतो आणि नुकसान मर्यादित असतं. वर बंद असेल तर वाचलेला माणूसही पुढे जिना चढताना धापा टाकतो, कारण पंपच अधू झालेला असतो. या पट्टीवर वेळ हीच सगळी गोष्ट आहे.

मार्गदर्शक सूचना सांगतात की पट्टीवर निदान झाल्यापासून १२० मिनिटांत फुग्याने नस उघडता येत असेल तर थेट अँजिओप्लास्टी करावी. येत नसेल तर गुठळी विरघळवणारं औषध जागीच द्यावं. माझ्या दारातून हिशेब मांडून बघा. गाडी मिळेपर्यंतचा वेळ, सव्वा तासाचा रस्ता, पावसात त्याहून जास्त, तिथे पोहोचल्यावर नातेवाइकांच्या सह्या, टीम जमवणं. १२० मिनिटं बहुतेक वेळा ओलांडली जातात. म्हणून चघळायला ॲस्पिरिन, सोबत क्लोपिडोग्रेल, आणि रक्तस्रावाचा धोका नाही हे विचारून घेतल्यावर वजनानुसार टेनेक्टिप्लेस, एकाच इंजेक्शनात. ते परवडत नसेल किंवा मिळत नसेल तर स्ट्रेप्टोकायनेज, १५ लाख युनिट, तासाभरात. ॲस्पिरिनसारखी स्वस्त गोळी अटॅकमधले मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी करते, हे १९८८ मध्ये १७ हजारांवर रुग्णांच्या आयसिस-२ या अभ्यासाने दाखवलं. औषध दिल्यावर मग रुग्ण रवाना.

औषधाने काम केलं का, हेही पट्टीच सांगते. ६० ते ९० मिनिटांनी दुसरी पट्टी काढायची. उचललेली रेषा निम्म्याहून खाली आली आणि दुखणं थांबलं तर नस उघडली असं मानायला हरकत नाही, अँजिओग्राफी पुढच्या चोवीस तासांत होऊ शकते. रेषा तशीच उंच असेल तर पोहोचल्याबरोबर कॅथलॅब. मी रुग्णासोबत पहिली पट्टी, औषधाची वेळ आणि नसेबद्दलचा माझा अंदाज लिहून पाठवते. समोरचा डॉक्टर ते वाचून आधीच तयारीत राहतो.

आणि नांदेड की लातूर? ज्या शहरात या घटकेला कॅथलॅब सुरू आहे, हृदयरोगतज्ज्ञ हजर आहेत आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होतात, त्या शहरात. फोन करून विचारायचं, मग गाडी वळवायची. ओळखीचं हॉस्पिटल, पाहुण्यांचं घर, याचा विचार नंतर. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होता. रेशनकार्ड शोधायला गावी परत जाण्यात लोक तास घालवतात. घरातला एक जण कार्ड घेऊन मागून येऊ शकतो. रुग्णाने थांबायचं कारण नाही.

आम्ही शिकत होतो तेव्हा परिस्थिती फार वेगळी होती. नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं, लातूरचं २००२ चं. त्याआधी या पट्ट्यातला गंभीर रुग्ण अंबाजोगाई, औरंगाबाद नाहीतर हैदराबादला निघायचा. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका आहे. सोयी आल्या, तरी घरातला उशीर तसाच राहिला. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या क्रिएट या भारतभरच्या नोंदणीत वीस हजारांहून जास्त रुग्ण होते, आणि दुखणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचायला लागलेला मध्यक वेळ सहा तासांचा निघाला. माझ्या गावाकडचं चित्र मला याहून वेगळं दिसत नाही. सोडा पिऊन पाहा, लिंबू-साखर घ्या, सकाळी बघू. स्नायू तेवढा वेळ थांबत नाही.

बायकांच्या बाबतीत हा उशीर आणखी वाढतो, आणि त्यांची पट्टीही अनेकदा फसवी निघते. साठीतली मधुमेही आजी. छातीत कळ नाही, पाठीत दोन फऱ्यांच्या मधे जडपणा, "हातपाय गळून गेल्यासारखं करायलंय." यंत्र पट्टीच्या डोक्यावर स्वतःचं निदान छापतं, त्यात अटॅक हा शब्दच नाही. पण व्ही-१ ते व्ही-३ दबलेले आहेत. समोरच्या लीडमध्ये दबलेली रेषा म्हणजे पाठीमागे उचललेली रेषा असू शकते, कारण मागे पाहणारी एकही लीड नेहमीच्या बारांत नाही. मग आजीला कुशीवर वळवायचं, व्ही-४, व्ही-५, व्ही-६ चे इलेक्ट्रोड डाव्या पाठीवर फऱ्याच्या खालच्या टोकाच्या ओळीत लावायचे. त्या व्ही-७, व्ही-८, व्ही-९ होतात. तिथे अर्धा मिलिमीटर उचल दिसली तरी पुरे. बहुधा सर्कमफ्लेक्स बंद असते. तिन्हींतली हीच नस पट्टीवर सगळ्यांत कमी बोलते. रेषा उचललेली नाही म्हणून ज्यांना थांबवून ठेवलं जातं, त्यांच्यातल्या साधारण चौघांपैकी एकात अँजिओग्राफीला नस पूर्ण बंद सापडते, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये दिसून आलं. म्हणून केवळ 'उचल आहे की नाही' एवढ्यावर निर्णय घेऊ नये, असं स्टीफन स्मिथ, पेंडेल मेयर्स यांच्यासारखे अमेरिकन डॉक्टर आग्रहाने सांगतात. मला त्यांचं म्हणणं पटतं.

आणखी काही खुणा आहेत. बहुतेक सगळ्या लीड दबलेल्या आणि एकटा एव्हीएआर उचललेला, तर डाव्या नसेच्या मूळ खोडात किंवा तिन्ही नसांत मोठा अडथळा असण्याची शक्यता. व्ही-२, व्ही-३ मध्ये दबलेल्या रेषेतून उंच टोकदार लाट वर चढत असेल तर एलएडी बंद आहे. ही खूण नेदरलँड्सच्या डी विंटर यांनी २००८ मध्ये नोंदवली. दुखणं थांबलेलं आहे, रुग्ण घरी जायला निघालाय, आणि व्ही-२, व्ही-३ मधली लाट उलटी झाली आहे, तर एलएडी वरच्या टोकाला अरुंद झालेली असू शकते. हे वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं. अशा माणसाला घरी पाठवायचं नाही, ट्रेडमिलवर तर चढवायचंच नाही.

पट्टीला मर्यादा आहेत. डाव्या बाजूची विजेची वाट आधीपासून बंद असेल, पेसमेकर असेल, पूर्वी अटॅक येऊन गेला असेल तर रेषा घोळ घालतात. काहींची एलएडी टोकाला वळसा घालून खालच्या भिंतीलाही रक्त देते, मग समोर आणि खाली दोन्हीकडे उचल दिसते. आणि पहिली पट्टी पूर्ण नॉर्मलही असू शकते. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढावी, नंतर पुन्हा. "एकदा काढली ना, नॉर्मल आहे," असं ऐकून छातीतली कळ अंगावर काढत घरी जाऊ नका, दुसरी पट्टी मागा. दुखणं जबडा, हात, पाठ, वरचं पोट असं कुठेही असो, सोबत घाम असेल तर दवाखान्यात पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत पट्टी निघाली पाहिजे. ती मागणं हा तुमचा हक्क आहे.

शेवटची विनंती जुन्या पट्टीबद्दल. कोणत्याही कारणाने तुमचा ईसीजी निघाला असेल, ऑपरेशनआधी, विम्यासाठी, कशासाठीही, तर तो जपून ठेवा. आजची रेषा नवी आहे की वर्षानुवर्षांची, हे जुनी पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येत नाही, आणि रात्री दोन वाजता ती शेजारी नसते. हा कागद उष्णतेवर छापलेला असतो, वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो, लॅमिनेट केला तर पूर्ण काळा पडतो. पट्टी सपाट ठेवून उजेडात, नाव आणि तारीख दिसेल असा मोबाइलवर फोटो काढा, आणि तो घरातल्या आणखी एका माणसाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.